परसातील संत्र्याचे झाड : रोगप्रतिकारक खुंटाचा इतिहास आणि विदर्भातील गृहबाग

प्रस्तावना

विदर्भातील जुन्या घरांच्या परसात विहिरीच्या किंवा मोरीच्या कडेला कागदी लिंबाचे, मोसंबीचे अथवा संत्र्याचे एखादे झाड अनेकदा आढळते. आंबिया बहारात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, या झाडाला पांढरी सुगंधी फुले येतात आणि काही दिवस सारे अंगण दरवळते. बाजारात नेण्याइतकी फळे या एकट्या झाडापासून मिळत नाहीत आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते. घराची शोभा, सावली, फुलांचा सुवास आणि वेळेला लागणारे चार फळ एवढ्यासाठी ते लावले व जोपासले जाते.

असे झाड पुष्कळदा पाच-सात वर्षे उत्तम वाढते आणि नंतर एखाद्या पावसाळ्यानंतर त्याची पाने पिवळी पडू लागतात. बुंध्याच्या सालीतून डिंक पाझरतो, शेंड्याकडील फांद्या वाळतात आणि पुढील एक-दोन वर्षांत झाड संपते. घरमालक नवे कलम आणतो व बहुधा त्याच खड्ड्यात लावतो. कलम संत्र्याचे की मोसंबीचे, हे तो आवर्जून विचारतो. मात्र ते कोणत्या खुंटावर बांधले आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः झाडाचे आयुष्य ठरविण्यात जमिनीखालील या खुंटाचा वाटा मोठा असतो.

प्रस्तुत निबंधात लिंबूवर्गीय झाडांच्या रोगप्रतिकारक खुंटाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आणि त्या इतिहासाच्या आधारे विदर्भातील, विशेषतः उमरखेडसारख्या काळ्या जमिनीच्या परिसरातील, गृहबागेचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. ‘रोगप्रतिकारक झाड’ हा शब्दप्रयोग आपण झाडाचा अंगभूत व कायमचा गुण या अर्थाने करतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. प्रतिकारशक्ती ही विशिष्ट झाड, विशिष्ट रोग, विशिष्ट जमीन आणि माणसाची लागवडीची रीत यांच्यातील एक संबंध असून यांपैकी एक घटक बदलला की ती शक्ती उणी पडते, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन भारतीय निरीक्षणे

लिंबूवर्गीय वनस्पतींचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार व पश्चिम युनान हा भाग असल्याचे जनुकीय अभ्यासावरून 2018 मध्ये मांडण्यात आले. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी व अरबी भाषांमधून युरोपात पोहोचला आणि तेथील भाषांमध्ये या फळाचे नाव बनला. अशा रीतीने या वनस्पतींचा आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे झाल्याचे दिसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. फांदीपासून अथवा दुसऱ्या झाडाच्या मुळावर वा खोडावर कलम करून वाढविण्याजोग्या वृक्षांमध्ये तेथे बीजपूर, म्हणजे महाळुंग, या लिंबूवर्गीय झाडाचा समावेश केलेला आहे. याच अध्यायात झाडांच्या रोगाची लक्षणे म्हणून पाने पांढुरकी पडणे, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या सुकणे आणि रस पाझरणे ही चार चिन्हे नोंदविली आहेत. रोगट भाग प्रथम शस्त्राने साफ करावा व नंतर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचारही सांगितला आहे.

आजच्या डिंक्या रोगाचे वर्णन याहून फारसे वेगळे नाही. रोगट साल खरवडून त्यावर लेप लावण्याची आजची पद्धतही त्याच जातीची आहे. मात्र यावरून प्राचीनांना आजचे सर्व रोगशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. बृहत्संहितेत रोगाचे कारण थंडी, वारा व ऊन असे दिले आहे. लक्षणांचे निरीक्षण अचूक, परंतु कारणाची कल्पना अपुरी, अशी ही स्थिती आहे. पुढील अनेक शतके जगभर हीच स्थिती कायम होती.

पहिला धडा : अझोर बेटे आणि कडू नारिंगाचा खुंट

विदर्भातील प्रश्न समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील युरोपकडे वळणे आवश्यक आहे, कारण रोगप्रतिकारक खुंट ही कल्पना मोठ्या प्रमाणावर तेथे प्रथम व्यवहारात आली. अटलांटिक महासागरातील पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून त्या काळी इंग्लंडला गोड संत्र्यांची, म्हणजे आपल्याकडील मोसंबीच्या वर्गातील फळांची, मोठी निर्यात होत असे. तेथील झाडे मुख्यतः बियांपासून किंवा दाबकलमाने वाढविलेली, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर उभी होती. 1832 ते 1842 या दशकात या बागांमध्ये बुंध्यातून डिंक पाझरून झाडे मरण्याची साथ पसरली. पुढे पोर्तुगालची मुख्य भूमी, इटली, स्पेन आणि अमेरिका येथेही हाच अनुभव आला.

या साथीत बागायतदारांच्या एक गोष्ट लक्षात आली. गोड संत्र्याची झाडे मरत असताना कडू नारिंगाची झाडे मात्र उभी राहत होती. त्यामुळे कडू नारिंगाच्या रोपावर गोड संत्र्याचा डोळा भरण्याची पद्धत रूढ झाली. मुळे कडू नारिंगाची आणि फळ गोड संत्र्याचे, अशी ही जोडणी होती. भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि पुढे अमेरिकेतील बागा बऱ्याच अंशी या खुंटावर उभ्या राहिल्या.

येथे एक कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. फायटोप्थोरा ही प्रजाती जर्मन शास्त्रज्ञ अँटन दे बारी यांनी 1876 मध्ये प्रस्थापित केली. लिंबूवर्गीय झाडांवरील तिच्या एका जातीचे वर्णन कॅलिफोर्नियात 1906 मध्ये झाले. म्हणजे रोगकारकाची ओळख पटण्यापूर्वीच त्यावरील प्रतिकारक खुंट सापडलेला होता. तो प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. साथीत जे झाड वाचले, ते निवडावे, एवढ्या साध्या निरीक्षणातून तो आला. रोगप्रतिकारक वाणांच्या इतिहासातील ही मूळ पद्धत होय.

दुसरा धडा : त्रिस्तेझा

कडू नारिंगाच्या खुंटाची कीर्ती सर्वत्र पसरली तरी दक्षिण आफ्रिकेत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याचा अनुभव वाईट आला. तेथे या खुंटावरील गोड संत्र्याची झाडे तग धरीत नसत. खुंट आणि डोळा यांचे जमत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण त्या काळी दिले जाई. 1930 नंतर अर्जेंटिना व ब्राझील येथेही तेच घडू लागले आणि लक्षावधी झाडे काही वर्षांत नष्ट झाली. पोर्तुगीज भाषेत या रोगाला ‘त्रिस्तेझा’, म्हणजे खिन्नता, हे नाव पडले. पाने निस्तेज होऊन झाड खिन्नपणे उभे असल्यासारखे दिसे, यावरून ते आले.

1946 मध्ये ब्राझीलमधील शास्त्रज्ञ मेनेघिनी यांनी हा रोग काळ्या माव्याद्वारे पसरतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. यावरून रोगाचे कारण विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. पुढे असेही दिसून आले की, डोळा भरलेल्या सांध्याच्या लगेच खाली कडू नारिंगाच्या रसवाहिन्या निकामी होतात. पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही, मुळे उपाशी मरतात व त्यापाठोपाठ झाड मरते.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बियांपासून वाढलेले कडू नारिंगाचे झाड या रोगाने असे मरत नव्हते. गोड संत्र्याचे झाड जंभेरीसारख्या दुसऱ्या खुंटावर असल्यास तेही तग धरीत होते. मरत होती ती या दोहोंची जोडणी. म्हणजे एका रोगापासून बचाव व्हावा म्हणून माणसाने जी जोडणी केली, तीच दुसऱ्या रोगाला बळी पडली. शिवाय एकाच खुंटावर अवघ्या देशाच्या बागा उभ्या असल्यामुळे हानीही एकाच वेळी व सर्वत्र झाली.

तिसरा धडा : रंगपूर लिंबू

त्रिस्तेझाच्या तडाख्यानंतर ब्राझीलने ज्या खुंटाचा आश्रय घेतला, तो भारतीय उपखंडातून गेलेला होता. आजच्या बांगलादेशातील रंगपूर या गावाचे नाव धारण करणारे हे नारिंगी सालीचे आंबट फळ त्रिस्तेझाला सहनशील, पाण्याचा ताण सोसणारे आणि झाडाला लवकर फळावर आणणारे ठरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलचा प्रचंड संत्रा-उद्योग मुख्यतः या एका खुंटावर उभा राहिला. आपल्याकडील जंभेरी हाही खुंट असाच दूरवर गेला. तो भारतातूनच आफ्रिकेत पोहोचल्याचे मानले जाते.

तथापि येथेही इतिहासाची पुनरावृत्ती झाली. 1999 मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याच्या दक्षिण भागात व लगतच्या साओ पावलो राज्याच्या उत्तर भागात रंगपूर लिंबाच्या खुंटावरील झाडे अल्पावधीत मरू लागली. या नव्या रोगाला ‘आकस्मिक मृत्यू’ असेच नाव देण्यात आले. उपाय म्हणून उभ्या झाडांच्या बुंध्याशी क्लिओपात्रा मँडरिनसारख्या दुसऱ्या खुंटाची रोपे लावून ती मूळ खोडाला जोडण्यात आली. झाडाला नवी मुळे देण्याचाच हा प्रकार होता.

अझोरमध्ये गोड संत्र्याची स्वतःची मुळे अपुरी पडली, म्हणून कडू नारिंग आले. कडू नारिंग त्रिस्तेझापुढे हरले, म्हणून रंगपूर लिंबू आले. रंगपूर लिंबावरही नवा रोग आला. सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या या क्रमात कोणताही खुंट मुळातच वाईट नव्हता. प्रत्येकाने आपल्या काळात बागा वाचविल्या. चूक झाली ती एका काळातील उत्तर सर्व काळांसाठी पुरेल असे मानण्यात.

विदर्भातील वाटचाल

नागपूरच्या संत्र्याचा आरंभ भोसले घराण्याशी जोडला जातो. दुसरे रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून संत्र्याची झाडे आणून नागपुरात लावली, असे परंपरेने सांगितले जाते. ही परंपरा ग्राह्य मानल्यास विदर्भातील संत्रा प्रथम राजवाड्याच्या बागेतील झाड होते व नंतर ते शेतात गेले, असे म्हणावे लागते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि दूरच्या बाजारपेठा जवळ आल्या. काटोल, वरुड व मोर्शी हा पट्टा संत्र्यासाठी प्रसिद्ध झाला. वरुड तालुक्यातील शेंदूरजना घाट हे गाव संत्रा-कलमांच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाऊ लागले. 2014 मध्ये नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

विदर्भातील कलमे प्रामुख्याने जंभेरी व काही प्रमाणात रंगपूर लिंबू या खुंटांवर बांधली जातात. जंभेरीची निवड निष्कारण नव्हती. त्याची मुळे खोल जातात, झाड जोमदार वाढते आणि त्रिस्तेझाला ते सहनशील असते. त्याच्या एका बीमधून अनेकदा एकाहून अधिक रोपे निघतात व त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात, त्यामुळे रोपवाटिकेत एकसारखे खुंट मिळतात. 1958 मध्ये वासुदेव व कपूर या शास्त्रज्ञांनी तत्कालीन मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासामध्ये त्रिस्तेझाची नोंद केली. त्या वेळी विदर्भही मुंबई राज्यातच होता. कडू नारिंगाऐवजी जंभेरी स्वीकारणाऱ्या प्रदेशाला त्रिस्तेझाचा ब्राझीलइतका फटका बसला नाही, यामागे खुंटाचे हे वेगळेपण होते.

परंतु जंभेरीची दुबळी बाजू म्हणजे फायटोप्थोरा होय. ही सूक्ष्म, बुरशीसदृश वनस्पतिशत्रू प्रजाती साचलेल्या पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते. ते कोवळ्या मुळांवर व बुंध्याच्या सालीवर स्थिरावतात. त्यातून मुळकूज, पायकूज आणि डिंक्या हे रोग उद्भवतात. विदर्भाची काळी, चिकण व पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जमीन या शत्रूला अनुकूल आहे. त्रिस्तेझाच्या दृष्टीने योग्य असलेला खुंट अशा जमिनीत कमकुवत ठरतो. रंगपूर लिंबू त्या मानाने अधिक सहनशील आहे, पण अभेद्य नाही. अलेमो हा खुंट फायटोप्थोराला चांगला प्रतिकार करतो, मात्र त्रिस्तेझापुढे तो दुबळा पडतो. त्रिपर्णी संत्र्याचा खुंट दोन्ही रोगांना तोंड देतो, परंतु चुनखडीयुक्त जमिनीत त्याची वाढ नीट होत नाही आणि विदर्भात अशा जमिनी पुष्कळ आहेत. सर्वगुणसंपन्न खुंट या यादीत एकही नाही.

याच काळात आणखी एक रोग पुढे आला. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियन वनस्पतिरोगतज्ज्ञ लिलियन फ्रेझर यांनी भारतातील बागांची पाहणी केली आणि येथील झाडांच्या ऱ्हासात ‘ग्रीनिंग’ या रोगाचा वाटा असल्याचे दाखवून दिले. 1967 मध्ये कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग सिट्रस सायला या किडीमार्फत पसरतो, हे भारतातील प्रयोगांतून सिद्ध केले. या रोगापुढे कोणताही प्रचलित खुंट भरवशाचा ठरलेला नाही. निरोगी मातृवृक्षाचा डोळा, रोगमुक्त रोप आणि किडीचे नियंत्रण हाच त्यावरील मार्ग आहे.

या प्रश्नांवरील संशोधनासाठी विदर्भात संस्थात्मक पाया तयार झाला. 1969 मध्ये अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 1985 मध्ये नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले आणि तेच पुढे केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. खुंटांची तुलना, फायटोप्थोराचा अभ्यास आणि रोगमुक्त कलमांची निर्मिती ही तेथील महत्त्वाची कामे राहिली आहेत. तथापि या ज्ञानाचा ओघ प्रामुख्याने बागायतदाराकडे वाहिला. परसात एकच झाड लावणारा गृहस्थ त्याच्या कक्षेबाहेर राहिला, असे म्हणावे लागते.

अंगणातील झाडाचा आणखी एक दाखला

हा अनुभव केवळ फळबागांपुरता मर्यादित नाही, हे दाखविण्यासाठी अमेरिकेतील डॉगवूड या फुलझाडाचा दाखला उपयुक्त आहे. आपल्या कोरड्या जंगलांत आढळणारे पांढऱ्या सुगंधी फुलांचे अंकोल हे झाड आधुनिक वर्गीकरणानुसार डॉगवूडच्याच कुळात मोडते, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला अगदीच परके नाही. पूर्व अमेरिकेत घरापुढील अंगणात वसंत ऋतूत फुलणारे झाड म्हणून डॉगवूड फार लोकप्रिय आहे. जपानने 1912 मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडे दिली, तेव्हा अमेरिकेने 1915 मध्ये परतभेट म्हणून डॉगवूडच पाठविले.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात या झाडावर करप्याचा एक नवा व घातक रोग आला. तो घडवून आणणाऱ्या बुरशीचे शास्त्रीय नामकरण 1991 मध्ये झाले. मेरीलँड राज्यातील कॅटॉक्टिन पर्वताच्या उद्यानात बहुतांश डॉगवूड नष्ट झाले, परंतु त्या विध्वंसातही एक झाड निरोगी उभे राहिले. टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यापासून कलमे तयार केली आणि ‘अपालाचियन स्प्रिंग’ हे करपा-प्रतिकारक वाण प्रसारित केले. अझोर बेटांवरील बागायतदारांची पद्धतच येथे पुन्हा उपयोगी पडली. पण याच सुमारास, 1990 च्या दशकाच्या मध्यास, डॉगवूडवर भुरी रोगाचा प्रादुर्भाव वाढला आणि करप्यातून वाचलेले हे वाण भुरीला मात्र बळी पडणारे निघाले. भुरीला प्रतिकार करणारी वेगळी वाणे त्याच विद्यापीठाला नंतर काढावी लागली. ‘रोगप्रतिकारक’ या शब्दापुढे ‘कोणत्या रोगास?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

उमरखेडच्या परसासाठी बोध

उमरखेड हा पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा परिसर आहे. कापूस, सोयाबीन, ऊस, केळी व हळद ही येथील पिके. वरुड-काटोलच्या संत्रापट्ट्यापासून हा भाग दूर असल्यामुळे कलमे बहुधा बाहेरून येतात आणि विकत घेणाऱ्याला त्यांचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. वरील विवेचनाच्या आधारे अशा परसबागेसाठी काही बाबी सुचविता येतात.

पहिली बाब म्हणजे कलम घेताना खुंटाचे नाव विचारावे. काळ्या व ओल धरणाऱ्या जमिनीत उपलब्ध असल्यास रंगपूर लिंबावरील कलम जंभेरीपेक्षा श्रेयस्कर ठरते. डोळा जमिनीपासून 25 ते 30 सेंटिमीटर उंचीवर भरलेला असावा व लावताना तो मातीआड जाऊ देऊ नये. खुंटाच्या वरचा संत्र्याचा वा मोसंबीचा भाग ओल्या मातीला टेकला, तर खुंटाच्या प्रतिकारशक्तीचा काहीही उपयोग राहत नाही.

दुसरी बाब पाण्याची आहे. आपल्याकडे मोरीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते लिंबाच्या किंवा संत्र्याच्या आळ्यात सोडण्याची सवय आहे. काटकसर म्हणून ही रीत स्तुत्य असली, तरी बुंध्याशी सतत ओल ठेवून ती फायटोप्थोराला आमंत्रणच देते. मोरीचे पाणी केळीला, अळूला द्यावे. संत्र्याला दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यातच पाणी द्यावे व बुंध्याभोवतालचा भाग कोरडा राखावा. पावसाळ्यात पाणी साचत असेल, तर झाड उंचवट्यावर लावणे आणि चर काढणे आवश्यक आहे.

तिसरी बाब बुंध्याच्या निगेची. डिंक दिसताच रोगट साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडावी आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी असे तिचे प्रमाण आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्याला ही पेस्ट लावण्याची शिफारस केली जाते. फ्रान्समधील मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केलेल्या मिश्रणाचेच हे घट्ट रूप होय.

चौथी बाब शेजारच्या झाडांची. कढीपत्ता आणि कुंती ही दोन्ही झाडे सिट्रस सायला या किडीला आश्रय देतात. कढीपत्ता घरात हवाच, पण तो संत्र्याच्या अगदी लगत असू नये आणि नव्या पालवीच्या काळात दोन्ही झाडांवर लक्ष असावे. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच त्याच वर्गातील झाड लावण्याचाही मोह टाळावा, कारण रोगकारक मातीत टिकून असतो.

समारोप

रोगप्रतिकारक खुंटाचा इतिहास हा माणसाने रोगावर मिळविलेल्या विजयांची सरळ मालिका नाही. प्रत्येक उत्तराने एक काळ सावरला आणि त्या उत्तराच्या सार्वत्रिक स्वीकारातून पुढचे संकट उभे राहिले. वराहमिहिराच्या काळातील निरीक्षकाने रस पाझरणारे झाड पाहिले, पण त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. आज कारण ठाऊक आहे, परंतु अंगणातील झाडाकडे तितक्या बारकाईने पाहणारी दृष्टी कमी होत चालली आहे, अशी खंत वाटते.

या दृष्टीने महाविद्यालयांना एक छोटे पण उपयुक्त काम करता येईल. आपल्या गावातील परसांमध्ये तीस-चाळीस वर्षे टिकलेली लिंबूवर्गीय झाडे शोधून त्यांचा खुंट, जमीन, पाण्याची रीत आणि आजवरचे आजार यांची नोंद वनस्पतिशास्त्र व इतिहास या विभागांनी मिळून करावी. अझोर बेटांवर आणि कॅटॉक्टिनच्या उद्यानात सर्व काही सुरू झाले ते साथीत वाचलेल्या झाडाची कोणीतरी दखल घेतली म्हणून. तसे एखादे झाड आपल्याही गावातील एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात उभे असू शकते. ते वाळून जाण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.